वळणावरचा हॉर्न

मळवली स्टेशनवरून लोहगडवाडीला पर्यटक नेणाऱ्या हौशीरामनं तीस वर्षं घाटात जीप चालवली. मागं कोणी किंचाळलं, की तो हसून म्हणायचा, "मावशी, डोळं मिटा. भ्या न्हाई वाटत."

आज तोच हौशीराम जर्मनीतल्या डोंगरात लेकीच्या गाडीत पुढं बसला होता, आणि त्याची बोबडी वळली होती. राजेश्वरी तिथं नर्स होती. सुट्टी काढून आबाला डोंगर, तळी दाखवायला निघाली होती. आबाला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. तिकडं स्टेअरिंग डावीकडं. त्यामुळं तो नेमका आपल्या रोजच्या जागी बसलेला, आणि समोर स्टेअरिंगच नाही! त्याच्या दाराला लागून सरळ दरी. दर वळणाला त्याचा उजवा पाय, तिथं नसलेला ब्रेक दाबत होता.

"अगं, वळणावर हॉर्न दे की!"

"हितं उगाच हॉर्न वाजवत न्हाईत, आबा."

पुढचं वळण पार आंधळं होतं. समोरून बस येणारच, अशी त्याची खात्रीच झाली. त्यानं हात लांब करून हॉर्न दाबलाच. सगळा डोंगर दणाणला. वळणापलीकडं एक म्हातारा सायकलवाला तेवढा दचकून थांबला होता.

राजेश्वरी हसत सुटली. "आबा, डोळं मिटा. भ्या न्हाई वाटत."

त्यानं मिटले. गाडी वळली, आणि मिटल्या डोळ्यांपुढं आता तर दरी दोन्ही अंगांना आली. तीस वर्षांत एकाही मावशीनं आपल्याला जीपमधून उतरल्यावर चपलेनं कसं हाणलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.