फिरत्या खुर्चीवर पारखलेला ऑटोपायलट

माझ्या पत्नीच्या थोरल्या भावाच्या शिडाच्या बोटीचा ऑटोपायलट मी जाळला, आणि ही गोष्ट वर्षभर कोणालाही सांगितली नाही.

दादा नौदलातून निवृत्त होऊन नोएडात राहत. बोट मात्र गोव्याला. वहिनींना बोट लागे, म्हणून ते एकटेच जात. शिडे आवरायला उठावे लागले की सुकाणू धरायला हे हातभर लांबीचे यंत्र असे. बोट दिशेवरून ढळली की त्याचा दट्ट्या आत-बाहेर सरकून सुकाणू वळवी. पावसाळ्यात बोट बंद असे, तेव्हा दादा ते घरी आणून ठेवत. एका वर्षी नेमके त्यांच्याकडे रंगकाम निघाले आणि यंत्र आमच्या गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये आले.

आमच्या वसाहतीत इमारती आधी उभ्या राहिल्या होत्या. वीज सवडीने येई. म्हणून घरोघरी इन्व्हर्टर. एका दुपारी केवळ कुतूहलाने मी यंत्र इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडले. इलेक्ट्रिशियनने दोन्ही तारा लालच घातल्या होत्या. मी अंदाजाने जोडल्या, त्या उलट्या. बारीक धूर निघाला. मी खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली आणि यंत्र पिशवीत परत ठेवले.

दिवाळीनंतर बोटीवर ते मुकेच राहिले. "माझीच चूक. झाकण नीट बसवलं नसणार, दमट हवा शिरली," दादा फोनवर म्हणाले.

"असेल," मी म्हणालो.

वहिनींनी यंत्राशिवाय एकट्याने जायला बंदी केली. तो हंगाम बोट जागची हलली नाही.

पुढच्या वर्षी दादांचे एक जुने सहकारी परदेशातून दोन ऑटोपायलट घेऊन आले, एक लहान, एक मोठा. दादांनी आधी निवडायचा, उरलेला ते सहकारी स्वतःच्या बोटीला लावणार होते. रविवारी दोन्ही खोकी घेऊन दादा-वहिनी आमच्याकडे आले, कारण यंत्र बोटीसारखे वळवून पाहायला फिरती खुर्ची आमच्याकडे होती. इन्व्हर्टरच्या बॅटरीला तारा जोडायचे काम दादांनी माझ्यावर सोपवले. या वेळी मी मीटर लावून तीनदा खात्री केली.

पत्नी मांडीवर यंत्र घेऊन खुर्चीत बसली आणि दादांनी खुर्ची हळूहळू वळवली. दट्ट्या सर्रकन बाहेर आला! उलटी वळवली, तसा आत गेला. आमच्या दिवाणखान्यात, समुद्रापासून इतक्या दूर, ते यंत्र दिशा ओळखत होते. मी लहान मुलासारखा टाळ्या वाजवू लागलो.

"दादा, थांब ना यार, चक्कर येतेय!"

"बोट कधी तक्रार करते का? गप्प बस!"

"फ्रिजला धडकवू नका म्हणजे झालं," वहिनी म्हणाल्या.

लोखंडी कपाटाजवळ नेल्यावर आतले होकायंत्र फसून दोन्ही यंत्रे सारखीच बावचळली. मग जोर पाहायचा ठरला. "वजन रिकाम्या बोटीचं धरायचं नाही, जावईबापू," दादा म्हणाले. "पाणी, डिझेल आणि हिच्या लाडवांचे डबे, सगळं धरून!" लहान यंत्राचा दट्ट्या मी तळहाताने अडवला, तो कण्हत थांबला. मोठ्या यंत्राने माझा हातच मागे रेटला.

"दादा, हाच! बिल्कुल हाच!" मी ओरडलो.

दादा हसले. मग त्यांनी मोठे यंत्र खोक्यात ठेवले आणि लहान जवळ ओढले.

"हा बरा. बटणं कमी आहेत. मागचं मीच घालवलं ना? हल्ली विसरतो मी. म्हणून तर तारा तुम्हाला जोडायला सांगितल्या. आता किनाऱ्यालगतच फिरेन. तेवढ्याला हा पुरे."

तारा जोडायला मिळाल्या याचा मला सकाळपासून अभिमान वाटत होता. ज्या माणसाने आयुष्यभर जहाजांची इंजिने सांभाळली, तो माझ्या एका "असेल"मुळे स्वतःच्या हातांना भिऊ लागला होता. पत्नी अजून खुर्चीतच होती, हसत. मी लहान यंत्रावर हात ठेवला.

"दादा, हा घेऊ नका. मागच्यात दमट हवा शिरली नव्हती. मी ते इथे, याच बॅटरीला उलटं जोडून जाळलं आणि तुम्हाला तुमची चूक मानू दिली. तुम्ही काहीही विसरला नव्हता. माझं चुकलं, दादा. मला माफ करा."