मुखवट्याची डावी बाजू

सासूबाई आमच्याकडे म्युनिकला आल्या आणि पंधरवड्यातच त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. डावा डोळा नीट मिटेना, हसल्या की ओठ एकाच बाजूला ओढला जायचा. डॉक्टर म्हणाले, बरंच सुधारेल, पण सगळं नाही. एवढ्यावर भागलं असतं, पण धाकट्या दिराचं लग्न तोंडावर आलेलं, आणि खुद्द वरमायच म्हणते, मी मांडवात पाऊल टाकणार नाही! व्हिडिओ कॉल आला की फोन छताकडे करायच्या. नवऱ्याने समजावलं, "आई, असं काय करता?" म्हणत मी समजावलं, शेवटी मी भांडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी.

घरात बसून एकमेकींचं डोकं खाण्यापेक्षा म्हणून एका शनिवारी त्यांना म्यूझियममध्ये नेलं. स्टोल नाकापर्यंत गुंडाळलेला. तिथे 'नो' नावाच्या जपानी नाटकातले जुने लाकडी मुखवटे मांडले होते. एका पांढऱ्याफेक बाईच्या मुखवट्यापुढे आई थबकल्या. "अगंबाई, ही तर गौरच!" म्हणत त्यांनी चक्क बूट काढले आणि हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण माहिती सांगणारी जर्मन बाई आमच्याकडेच येत होती.

पण ती रागावली नाही. म्हणाली, नीट बघा, हिच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. नटाने एक बाजू पुढे केली की ही दुःखात दिसते, दुसरी केली की निवलेली. मी आईंना मराठीत सांगितलं.

"म्हणजे तोंड मुद्दाम वाकडं केलंय?" आईंनी विचारलं.

जर्मनमध्ये 'वाकडं' म्हणायला मी कचरले. तरी विचारलं त्या बाईला.

"गेनाऊ!" ती खूश होऊन म्हणाली. अगदी बरोबर.

आई डावीकडून बघून आल्या, उजवीकडून बघून आल्या. मग स्टोल सोडून माझ्या हातात दिला.

"नाहीतरी वरमायेनं लग्नात तोंड वाकडंच करायचं असतं. माझं आयतंच झालंय!" आणि त्या मोठ्याने हसल्या, त्याच एका बाजूने.

मला तिथेच रडू फुटलं.

"रडतेस काय वेडे? फोटो काढ. समोरून. आणि विहीणबाईंना पाठव. म्हणावं, मी आत्तापासूनच रुसलेय, मानपान नीट ठेवा!"