जपानच्या बाईची ओटी

आमच्या गाडीत एक बाई राहते, आणि आरटीओच्या अर्जात हे लिहायला रकाना नव्हता.

सहा वर्षं जपानात काढून मी बोईसरच्या कारखान्यात परतलो, तेव्हा गाडीही सोबत आणली. कस्टममधून सुटली खरी, पण इथला नंबर मिळेपर्यंत ती दातिवऱ्याला आईच्या वाडीत नारळाखाली उभी. आईचे गुडघे गेलेत, तिला रिक्षात चढवत नाही. गाडी आणली ती तिच्यासाठीच.

जपानात पहिल्या दिवसापासूनच, इंजिन सुरू केलं की आतून एक बाई हळू आवाजात काहीतरी बोलायची. मला वाटायचं, स्वागत करते. मी रोज मान लववायचो. (भाषा शिकलो नाही. हसून मान लववली की तिथे बरंच निभावतं.)

तपासणीच्या दिवशी सकाळी दाट धुकं. सुरूच्या बनातून निघालो. आई पुढे, बायको मागे. बाई बोलली.

"काय म्हनते ही?" आईने विचारलं.

जपानहून आलेल्या मुलाने माहीत नाही म्हणायचं? मी ठोकून दिलं, तुझी चौकशी करते.

आई हळूच म्हणाली, "तिला काय ठाव, मी कोन ते?"

तेवढ्यात आईचं लक्ष पडद्यावरच्या नकाशाकडे गेलं. त्यात रस्ता नाही, गाव नाही; नुसतं निळं पाणी आणि मधोमध आमची गाडी! नकाशा जपानचा, त्याला दातिवरे कुठून माहीत असणार, असं मी समजावलं. पण धुक्यातून समुद्राचा आवाज येत होता आणि रस्ता मलाही दिसत नव्हता. खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली होती.

"थांबव गाडी," आई म्हणाली. "बाई हाय ती. लांबून आलीय. तिची ओटी नाय भरायची?"

आई मागे जाऊन बसली आणि परतताना देवीला जायचं म्हणून आणलेला खण, तांदूळ, दोन नारळ, सगळं तिने पुढच्या सीटवर मांडलं. मी गाडी हलवली आणि टिंग टिंग सुरू झालं. डॅशबोर्डवर पट्टा बांधलेल्या माणसाचं लाल चित्र लुकलुकायला लागलं. आईने हात जोडले. सीटवर वजन पडलं की गाडी पट्ट्यासाठी ओरडते, एवढं मला इंजिनिअर म्हणून कळत होतं. पण भरलेली ओटी उचलायची सोय नव्हती आणि टिंगटिंग वाढतच चाललं. शेवटी मी नारळांना पट्टा लावला. आवाज थांबला. त्या शांततेने तर अंगावर काटाच आला.

आरटीओच्या मैदानावर तपासणीच्या साहेबांनी दार उघडलं आणि ते तसेच उभे राहिले.

"हे कोण?"

"जपानच्या हायेत," आई म्हणाली.

साहेबांनी इंजिन सुरू केलं. बाई बोलली. त्यांनी झटकन हात मागे घेतला. "काय म्हणतेय? बिघाड सांगत असेल तर गाडी पास होणार नाही."

मी हसून मान लववली. इथे ते निभावलं नाही. बायकोने फोन पुढे धरला, इंजिन परत सुरू करायला लावलं, आणि फोनने मराठीत सांगितलं, "टोलचं कार्ड घातलेलं नाही."

सहा वर्षं ती रोज हेच सांगत होती!

गाडी पास झाली. परतताना आई नारळ मांडीवर घेऊन पुढे बसली, अजून जरा बिचकतच. "बिचारी," ती म्हणाली, "सहा वर्सं एकच गोष्ट सांगते, आन हा नुसती मान हलवतो."

"मला बारा झाली," मागून बायको म्हणाली.

मी सवयीने मान लववली.