उरलेला दोरा

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरना आम्ही पाठीमागे मोजपट्टी म्हणायचो. पोट शिवून झालं की उरलेला दोरा त्या ट्रेवर सरळ करून मोजायच्या. वीतभर चिऱ्याला निदान चार वीत दोरा आत गेला पाहिजे, असा त्यांचा नेम.

"मोठे, लांब लांब टाके घेतले की काम झटकन उरकतं आणि दोरा वाचतो," त्या म्हणायच्या. "बारीक, जवळ जवळ टाक्यांना वेळ लागतो, पण ओढ सगळीकडे सारखी बसते. वाचलेला दोरा पेशंटला भोवतो."

दोन वर्षं त्यांनी दोन्ही तऱ्हांनी शिवलेली पोटं पुन्हा पुन्हा तपासली. मोठ्या टाक्यांची जास्त उसवली होती. हे दाखवायला गेल्या तर मोठे डॉक्टर हसले. "सिस्टर, शिवणक्लास काढा." मीही हसले होते. मला तो निव्वळ हेका वाटायचा.

मग त्यांचा धाकटा भाऊच आतडं फुटून आला. सिगारेटी ओढून ओढून छातीचा खोका झालेला. घरच्या माणसाच्या ऑपरेशनला आत थांबायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. म्हणून त्यांच्या जागी मी उभी राहणार होते.

"टाके बारीक घ्यायला सांग," त्या म्हणाल्या. "आणि दोरा मोज. त्याला खोकला आहे, प्रत्येक ढास टाक्यांवर येणार."

पोट बंद करायची वेळ आली तेव्हा पुढचा पेशंट दाराशी येऊन थांबला होता. डॉक्टर भराभर मोठे टाके घालत सुटले. मला दिसत होतं. क्लासचा टोमणा आपल्यालाही बसेल, एवढ्याच भीतीने मी मूग गिळून उभी राहिले. चिरा वीतभर, दोरा पाच वीत. त्यातला दोन वीत उरला. मी तो कचऱ्याच्या पिशवीत टाकला.

सिस्टर दाराबाहेरच होत्या. "उरला किती?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. "वीतभर."

त्यांनी माझा हात घट्ट दाबला. त्या हाताची मला आजही लाज वाटते.

पाच दिवस भाऊ बरा दिसत होता. "ताईने लहानपणी माझे दातसुद्धा मोजले असतील," असं म्हणायचा आणि हसता हसता खोकायचा. तो खोकला की मी त्याच्या पट्टीकडे बघायचे.

सहाव्या दिवशी सकाळी मी त्याची पट्टी सोडली. ती गुलाबी पाण्याने भिजली होती. वरचे टाके जागच्या जागी होते, पण असं पाणी आलं म्हणजे आतली शिवण सुटत चालली, हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. सिस्टर माझ्या मागेच उभ्या होत्या.

"काय झालं, ताई?" भावाने विचारलं.

"काही नाही. बोलू नकोस, पडून राहा." त्यांनी दोन्ही तळवे त्याच्या पोटावर ठेवले. माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "खरं सांग. उरला किती होता?"

"दोन वीत."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"थिएटर तयार करायला सांग. मला आत येता येणार नाही. तूच उभी राहा, आणि या वेळी तोंड उघड."

मी दाराकडे वळले, तेवढ्यात भावाला खोकला आला.