बारा नंबर

इस्पितळात तिला सगळे 'डायरी' म्हणत. टेलिफोनच्या बोर्डावर तिने एकतीस वर्षं काढली. दोनशेच्या वर आतले नंबर तोंडपाठ. नवा डॉक्टर रुजू झाला की त्याचा नंबर ती एकदा मोठ्याने म्हणायची, झालं.

चूक जन्मात एकदाच झाली, असं ती धरून चालली होती. अकरा वर्षांपूर्वी नवरा कारखान्यात छाती धरून कोसळला. तिथून अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन आला आणि तिने एकवीसऐवजी बारा लावला. बारा म्हणजे एक्स-रे. तिथे कोणी उचलेना. सात मिनिटं गेली, नवराही गेला.

निवृत्तीच्या दिवशी कपाट आवरताना धाकटी ऑपरेटर म्हणाली, "ताई, तो फोन तुम्ही घेतला नव्हता. तुम्ही जेवायला गेला होतात. बारा मी लावला."

"'थांबा, जोडते,' असं मी म्हटलं होतं. माझा आवाज मला आठवतो."

"ते तर आपण रोज शंभरदा म्हणतो, ताई."

धाकटीने तळातली जुनी नोंदवही काढली. त्या दुपारच्या नोंदीतलं तिरकं अक्षर धाकटीचं होतं. ती रडायला लागली. "तुम्हीच 'माझी चूक, माझी चूक' म्हणत होतात. मग माझी हिंमतच झाली नाही."

तिने वही मिटली. राग यायला हवा होता, नाहीतर निदान हायसं तरी वाटायला हवं होतं. तिने जरा वाट पाहिली. काहीच आलं नाही. धाकटीला पाणी दिलं, डबा, चष्म्याचं घर आणि स्वेटर पिशवीत भरला, आणि ती घरी आली.

जेवताना मुलाला म्हणाली, "बाबांच्या वेळचा तो फोन मी घेतला नव्हता."

"कुठला फोन?"

"चुकीचा जोडला तो. तुला सांगितलं होतं ना, तुझी परीक्षा संपली त्या दिवशी. तू ताटावरून उठून गेलास."

मुलाचा घास हातातच राहिला. "आई, तू मला असलं काही कधीच सांगितलं नाहीस."

त्या दिवशी तो उठताना खुर्ची आडवी झाली होती, ती तिने स्वतः उचलली होती. अजून सगळं डोळ्यासमोर होतं. तिने मुलाकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता.

"नसेल सांगितलं," ती म्हणाली. "जेव, गार होतंय."