रोवणीचं गाणं आणि पुसलेलं फोल्डर

शनिवार, सकाळची शाळा. ऑगस्ट अर्धा सरलेला. हजर — चंदा, नववीतली, संकलनासाठी. रूपेश, तिच्याच वर्गातला, कॅमेऱ्यासाठी. पार्वताबाई, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या, गाण्यासाठी. आणि मी, त्यांची वर्गशिक्षिका. साडेबारानंतर हजर — फक्त मी.

ही शेवटची ओळ आजवर कुणाला सांगितलेली नाही. घरी नाही, शाळेत नाही. नोंदी ठेवायची मला सवय आहे, पण ही नोंद मनातच राहिली. आज तुम्हाला सांगते आहे.

आधी व्हिडिओबद्दल सांगते. टाळते आहे असं वाटेल — थोडं खरंही असेल. पण त्या व्हिडिओचा मला अभिमान आहे, आणि तो अभिमान खोटा नाही.

शाळांची जिल्हास्तरीय स्पर्धा होती. मुलांनी आपल्या भागातलं गाणं घेऊन चार मिनिटांचा व्हिडिओ करायचा. आमची शाळा कुरखेड्याच्या अलीकडे. तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, चौथ्या बाजूला जंगल. साधनं काय? एक जुना लॅपटॉप आणि माझा फोन. गाणं पार्वताबाईंचं — रोवणीचं. बाया चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावतात आणि एकेक पाऊल मागे सरकत जातात, तेव्हाचं. पार्वताबाईंची एकच अट होती. “मॅडम, खुर्चीवर बसून माह्या तोंडातून गाणं नाई निघत. मले बांधीत उभी करा.”

म्हणून आम्ही बांधीत गेलो. रूपेशनं चार दिवस गुडघाभर चिखलात उभं राहून चित्रण केलं. पार्वताबाई गायच्या, मागून मुली ओळ धरायच्या. आणि चंदा रोज शाळा सुटल्यावर लॅपटॉपपुढे बसायची. जूनपर्यंत तिनं माउसला हात लावलेला नव्हता. ऑगस्टात तिची बोटं माझ्यापेक्षा भराभर चालत होती. ती डोळे मिटून गाणं ऐकायची आणि बरोबर जिथे पाऊल मागे पडतं तिथेच चित्र कापायची. असं कुणी शिकवतं का? मी तर नव्हतं शिकवलं. मी फक्त याद्या केल्या होत्या — कोणता तुकडा कुठे, कुणी काय आणायचं, फोन कधी रिकामा करायचा. फोनचा नियम माझाच: चित्रण लॅपटॉपवर घेतलं की फोनमधून लगेच पुसायचं. जागा पुरत नव्हती.

तर तो शनिवार. मुलं घरी गेली. मला शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि लॅपटॉप अडून बसला होता — जागा नाही, जागा नाही. मी साफसफाईला लागले. ‘रोवणी’ नावाची दोन फोल्डर होती. एकाच कामाच्या दोन प्रती मला कधीच खपत नाहीत. दुसरं मी पुसलं. मग पुसलेलं जिथे साठतं तेही रिकामं केलं, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. उघडून पाहिलं का? नाही. चंदाला विचारायला सोमवारपर्यंत थांबले असते तर काय बिघडलं असतं? अर्ज दोन दिवस उशिरा गेले असते. एवढंच.

सोमवारी चंदानं लॅपटॉप उघडला. राहिलेल्या फोल्डरमध्ये पहिल्या दिवशीचे सरावाचे तुकडे होते, बाकी काही नाही. चार दिवसांचा चिखल, पार्वताबाईंचा आवाज, तिचं तीन आठवड्यांचं काम — गेलं. तिच्या मागे उभ्या उभ्या मला त्याच क्षणी सगळं कळलं. आणि मी तोंड उघडलं. खोटं बोलले का? नाही हो. मी फक्त एक प्रश्न विचारला.

“चंदा, तू सेव्ह केलं होतंस ना?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पडद्याकडे. “केलतं मॅडम,” ती म्हणाली. मग थांबली. “केलतं वाटते... का नसन केलं?”

मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्यानं ते ठरलं — सेव्ह करायच्या गडबडीत तिच्याच हातून सगळं पुसलं गेलं. तिला स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास होता, आणि त्या विश्वासाचा मी काय उपयोग केला ते तुम्ही पाहताच आहात.

रूपेश तर पेटलाच. “जळवा लागल्या माह्या पायाले, अन् इनं एका बटनात सफा केलं!” वर्गात तिला नाव पडलं — रानडुक्कर. एका रात्रीत अख्खी बांधी साफ करणारं. पोरं हसायची, तीही खाली मान घालून हसायची. मी पोरांना दटावलं. “चूक कुणाच्याही हातून होते,” मी म्हणाले. वाक्य अगदी बरोबर होतं, नाही का?

रोवणी तोवर आटोपली होती. लावलेल्या धानात पुन्हा कोण उतरू देणार? स्पर्धेतून नाव काढावं असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. तेव्हा चंदाच बोलली. “मैदानात करू ना मॅडम. धान नसलं तं नसलं. पाय तं आहेत.”

आणि काय केलं त्या मुलांनी! कोरड्या मैदानावर गणवेशातल्या चौदा मुली एका रांगेत वाकून उभ्या राहिल्या, हातात काहीही नाही, आणि गाण्याच्या तालावर पाऊल पाऊल मागे सरकत गेल्या. रूपेश शाळेच्या छपरावर चढला आणि त्यानं ते वरून टिपलं. पार्वताबाईंना आवाजासाठी तांदळाच्या खोलीत नेलं. चारी बाजूंनी पोती, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. त्या चप्पल काढून उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या, आणि गाणं निघालं. गडचिरोलीच्या सभागृहात ते मोठ्या पडद्यावर दाखवलं तेव्हा मागच्या रांगेतल्या बाया पायांनी ताल धरत होत्या. आम्ही पहिले आलो. आजही तो व्हिडिओ पाहताना माझी छाती भरून येते. धान न दाखवता धान दाखवणं — हे नववीतल्या मुलांनी केलं, माझ्या शाळेच्या.

शेवटच्या नामावलीत संकलनापुढे चंदाचं नाव टाकायचं होतं. ती म्हणाली, “माहं नको. रूपेशचं टाका.” मी टाकलं.

पुढची काही वर्षं शिक्षकांच्या प्रशिक्षणांत मी हा किस्सा सांगत राहिले. ‘आमच्या एका मुलीच्या हातून सगळं पुसलं गेलं, पण आम्ही हार मानली नाही.’ टाळ्या पडायच्या. मुलीचं नाव मी घेत नव्हते — हे मला मोठेपणाचं वाटायचं. खरंच वाटायचं.

चंदा बारावी झाली तेव्हा नागपूरच्या, व्हिडिओ संकलन शिकवणाऱ्या एका संस्थेतले शिक्षक, ज्यांनी आमचा व्हिडिओ पाहिला होता, मला विचारत आले: ही पावलं गाण्यावर कुणी बसवली? मी तिचं नाव सांगितलं. तिथे राहण्याजेवणासकट शिकायची सोय होती. चंदा नाही म्हणाली. “लोकायचं काम माह्या हातून पुन्हा गेलं तं मॅडम?” मी तिला खूप समजावलं. एक गोष्ट सोडून सगळं सांगितलं. ती एक गोष्ट पुरेशी होती, हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

आता ती मोहर्लीला आहे. ताडोबाच्या प्रवेशद्वाराजवळच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या नोंदी करते. गेल्या महिन्यात नागभीडच्या लग्नात भेटली. नोंदी आधी वहीत करते, मग कॉम्प्युटरवर. “दोनदा लिहून काढल्याबिगर मले चैनच पडत नाई,” म्हणाली. कॉम्प्युटरवर एकटीनं काही पुसत नाही. शेजारी कुणाला तरी उभं करते. हे सांगताना हसत होती. मग माझा हात धरून शेजारणीला म्हणाली, “ह्या आमच्या मॅडम. एवढं नुकसान केलं मी, पण एका शब्दानं बोलल्या नाईत मले.”

त्या शेजारीण बाईंनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. आणि मी — मान हलवून हसले. जेवणाच्या पंगतीत तिच्याच शेजारी बसले. भाजी वाढून घेतली.

पुसलं मी. गप्प राहिले मी. तिच्या नावावर मोठेपणा घेतला तोही मीच. त्यापुढे लिहावं असं माझ्याकडे काही नाही.

मंगळवारी ताडोबाचं जंगल पाहुण्यांना बंद असतं. त्या दिवशी चंदा घरीच असते. तिला सांगायला जायचं बाकी आहे.