रक्ताचं नातं न मानणारे साडभाऊ

आमच्या साडभाऊंइतका रक्ताच्या नात्यावर अविश्वास असलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात सापडला नसता. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वाशिमच्या एका दवाखान्यात ते रक्त तपासायचे आणि सवड मिळाली की दवाखान्याबाहेरही तेच करायचे. माणसाचं नाव-गाव त्यांच्या ध्यानात राहत नसे. रक्तगट मात्र कायमचा. मंगरूळपीरच्या एस.टी.त एका प्रतिष्ठित गृहस्थांना त्यांनी भर गर्दीत हाक मारली, "काय बी निगेटिव्ह, बरं हाये ना?" गृहस्थांना ती शिवी वाटली. लग्नाच्या बैठकीत मंडळी पत्रिका मांडून बसली की हे मध्येच म्हणत, "छत्तीस गुन जुळू द्या. पोरगी निगेटिव्ह अन् पोरगा पॉझिटिव्ह असन, तं दुसऱ्या लेकराच्या वक्ती डाक्टरले पयलेच सांगून ठेवा." पुढं पुढं नातेवाईक त्यांना बैठकीला बोलवेनासे झाले, थेट मांडवात बोलवू लागले.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट. पहिल्या बाळंतपणात, साडभाऊंच्याच दवाखान्यात, माझ्या बायकोचा रक्तस्राव थांबेना. मुलगी सुखरूप होती, पण आई पांढरी पडत चालली होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त मागितलं. बायकोचा सख्खा भाऊ अनसिंगहून आलेला. बाही खांद्यापर्यंत सारून तो टेबलावर आडवासुद्धा झाला. साडभाऊंनी त्याच्या बोटाचा थेंब काचेवर पाहिला आणि म्हणाले, "ऊठ. तुहं बी हाये, तिचं ए."

"तं काय झालं? एका मायचं दूध पेलो आमी!"

"दूध पेले असान. रगत नाही पेले."

माझंही बी. ते त्यांनी माझ्या साखरपुड्यातच टोचून पाहिलं होतं. मी हात जोडले. "साडभाऊ, याचंच थोडं तरी द्या. ती जाईल हो."

"हे देल्लं तं नक्कीच जाईन. तिचं रगत याले दुश्मन समजन. भाऊ-गिऊ त्याले समजत नाही," असं म्हणून ते सायकलवर टांग टाकून निघून गेले. पाव तासानं परतले ते धान्यबाजारातल्या एका हमालाला मागं बसवून. त्याच्या केसांत ज्वारीचा कोंडा तसाच होता.

मेहुण्यानं त्याला खालवर न्याहाळलं. "कोन हाये हा? कोन्या घरचा?"

"ए पॉझिटिव्ह घरचा," साडभाऊ म्हणाले.

मेहुणा पुन्हा तोंड उघडणार, तोच सासूबाई कडाडल्या, "तू चूप राह्य! माही पोरगी चालली अन् तू घर इचारून राह्यला?"

एवढं होऊनही साडभाऊ रक्त काढायला तयार नव्हते. दोघांच्या रक्ताचे नमुने नळीत मिसळून ते घड्याळासमोर बसले. "गट एक असला तरी भांडू शकते," म्हणाले. "भाऊ-भाऊ नाही भांडत का?" त्या वेळात मी त्यांचा जेवढा द्वेष केला, तेवढा आयुष्यात कोणाचा केला नाही. शेवटी त्यांनी भिंगाखाली पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "जुळलं."

हमालाच्या रक्तानं बाटली भरली. चहा घेऊन, "गाड्या उभ्या हायेत माह्या," असं म्हणत तो निघून गेला. संध्याकाळपर्यंत बायकोच्या ओठांवर रंग आला आणि तिनं पाणी मागितलं.

मी साडभाऊंना शोधायला गेलो, तर ते मागच्या ओसरीत एकटेच बसलेले. बशीत ओतलेल्या चहावर साय धरली होती. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "तुमचा गट कोणता?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

"एबी," ते जरा शरमून म्हणाले. "मले सगळ्याइचं चालते. माहं मात्र एबीवाल्याशिवाय कोनाले चालत नाही. अन् आपल्या साऱ्या गोतात मी एकटाच." मग बशी उचलत म्हणाले, "चाललं असतं, तं मी त्या हमालाले कायले आनतो?"

साडभाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी मुलगी अशी काही हट्टी निघाली की एकदा नाही म्हटलं तर ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. तिची आई म्हणते, "मावसाजींवर गेली." तसा त्यांचा-तिचा रक्ताचा काही संबंध नाही, पण मी वाद घालत नाही.